‘पुढं लागलंच तर जोडून घेता येतं ना?’ : पुरुष नसबंदीपूर्वी पश्चात्तापाचा धोका तपासताना

नोव्हेंबर २०२३ मध्ये, पुरुष नसबंदी पंधरवड्याच्या तिसऱ्या दिवशी, कृष्णाकाठच्या एका तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात एकोणतीस वर्षांचे एक गृहस्थ गावच्या आशाताईंबरोबर आले. ते दूध संकलनाच्या टेम्पोवर चालक होते, पहाटेची फेरी संपवून थेट आले होते आणि संध्याकाळच्या फेरीआधी मोकळे होता आले तर बरे, असे त्यांचे म्हणणे होते. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स असे सारे कागद एका पिशवीत नीट लावलेले होते. त्यांना दोन मुली होत्या, थोरली साडेचार वर्षांची आणि धाकटी पाच महिन्यांची, आणि दोन्ही वेळा पत्नीचे सिझर झालेले होते. आपला निर्णय पक्का झाला आहे, आता विचार करायचे काही उरलेले नाही, हे त्यांनी खुर्चीवर बसण्यापूर्वीच सांगितले. (या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. निर्णयाशी ज्यांचा संबंध आहे ते तपशील मात्र तसेच ठेवले आहेत.)

केंद्र शासनाच्या मानकांप्रमाणे पाहिले तर त्यांच्यात कोणतीच उणीव नव्हती. पुरुष विवाहित असावा, त्याचे वय साठच्या आत असावे, जोडप्याला एक वर्षाहून मोठे असे किमान एक अपत्य असावे, दोघांपैकी कोणाचीही नसबंदी पूर्वी झालेली नसावी आणि निर्णय घेताना त्याचे मन ठिकाणावर असावे, एवढ्याच अटी आहेत. जोडीदाराची संमती कायद्याने लागत नाही. तपासणीत हर्निया, हायड्रोसील, जंतुसंसर्ग असे काही आढळले नाही, रक्तदाब आणि साखर ठीक होती. बिनटाक्याची नसबंदी आमच्याकडे दहा-पंधरा मिनिटांत होते, त्यामुळे ते खरोखरच त्या दिवशी चार वाजेपर्यंत घरी पोचू शकले असते.

संमतीपत्र भरून घेताना मी ठरलेले वाक्य उच्चारले, की ही शस्त्रक्रिया कायमची आहे असे समजूनच करून घ्यायची असते. त्यांनी मान हलवली आणि अगदी सहज विचारले, “पुढं लागलंच तर परत जोडून घेता येतं ना, मॅडम? आमच्यातल्या एकानं मोबाईलवर बघितलंय.”

मी पेन खाली ठेवले. हा प्रश्न विचारणारा माणूस खोटे बोलत नसतो आणि त्याचा निर्णय कच्चाच असतो असेही नाही, परंतु आपल्या निर्णयाला मागच्या बाजूने एक दार आहे असे त्याने गृहीत धरलेले असते, आणि त्या दाराच्या आधारावर तो पुढे पाऊल टाकत असतो. ते दार काढून घेतल्यावर तो तेच पाऊल टाकेल का, हे त्याने स्वतःलाच अजून विचारलेले नसते. नसबंदीपूर्वीच्या संभाषणात मी ज्या गोष्टींकडे कान देऊन असते त्यांत या एका वाक्याला माझ्या लेखी सर्वांत जास्त वजन आहे. “मला मुळीच मूल नको,” असे तावातावाने सांगणाऱ्यापेक्षा “लागलंच तर” असे हळूच म्हणणाऱ्याबरोबर जास्त वेळ बसावे लागते.

म्हणून प्रथम त्यांना जोडणीचे खरे स्वरूप सांगितले. नसबंदीत कापलेली वीर्यवाहिनी, म्हणजे शुक्रजंतू वाहून नेणारी नळी, पुन्हा जोडता येते हे खरे आहे, पण त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली, भूल देऊन, काही तास चालणारी शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती करणारे निष्णात हात मोठ्या शहरांतच सापडतात. अशा निष्णात हातांनी केलेल्या जोडण्यांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. नसबंदीनंतर तीन वर्षांच्या आत जोडणी झाली असेल तर ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू पुन्हा दिसले, पण गर्भधारणा ७६ टक्के जोडप्यांतच झाली. पंधरा वर्षे उलटून गेलेली असतील तर हेच आकडे ७१ आणि ३० टक्क्यांवर आले. हे ऐकल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे नळी जोडली तरी पोर होईलच असं नाही.” त्यांच्या समजुतीत काही शंका उरली नव्हती. मात्र हे समजल्यावर शस्त्रक्रिया आजच करायची का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना लगेच देता आले नाही.

त्या दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही. हा निर्णय मी एकटीने घेतला नाही आणि तो सर्वांना पटलाही नाही. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप येथे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण तो पोकळ नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की आपणहून चालत आलेल्या पुरुषाला परत पाठवणे म्हणजे त्याच्या बायकोला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठवणे होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातील ३७.९ टक्के विवाहित जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झालेली आढळली आणि पुरुषाची केवळ ०.३ टक्के जोडप्यांत. यातील बहुतेक स्त्रियांची शस्त्रक्रिया पंचविशीच्या आसपास झालेली असते. “त्या पोरींना आपण कधी विचारतो का, की पुढे पश्चात्ताप झाला तर?” असे त्यांनी मला थेट विचारले, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. स्त्रियांच्या नसबंदीविषयीच्या अमेरिकी अभ्यासात, तिशीच्या आत किंवा तिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २०.३ टक्के स्त्रियांनी चौदा वर्षांच्या काळात पश्चात्ताप व्यक्त केला होता, तर तिशीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे प्रमाण ५.९ टक्के होते. आमच्या प्रसूतिकक्षात बाळाचे पहिले रडणे ऐकू येते न येते तोच “टाके घालतानाच करून टाकायचं का?” असा प्रश्न बाहेर उभ्या नातेवाइकांना विचारला जातो, हे मी स्वतः पाहिले आहे. मूल्यमापनाची सगळी काटेकोर शिस्त पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी मात्र एक अंगठा, ही विषमता खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय पुरुषालाही न विचारणे हा असू शकत नाही, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

त्या दिवशी थांबण्याचे दुसरे कारण माझ्या स्वतःच्या अनुभवातले आहे. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका पुरुषाची नसबंदी केली होती. त्यालाही दोन अपत्ये होती, कागद चोख होते आणि संभाषण पाच मिनिटांत आटोपले होते. चार वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याचा मुलगा विहिरीत बुडून गेला होता, आणि माझ्याकडे त्याला देण्यासारखी फक्त दूरच्या शहरातल्या एका रुग्णालयाची चिठ्ठी होती. आधी विचारले असते तर तो अपघात टळला नसता आणि कदाचित त्याने नसबंदीही केलीच असती. पण ज्या गोष्टीचा त्याने कधी विचारच केला नव्हता त्या गोष्टीला तो सामोरा जात होता, आणि तो विचार करायला लावणे हे माझे काम होते.

आता या गृहस्थांच्या बाबतीत धोक्याच्या खुणा कोणत्या होत्या, ते पाहू. पहिली खूण वयाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत कमी वय हे नसबंदीला नकार देण्याचे कारण मानलेले नाही, पण अधिक सावधगिरीचे कारण नक्कीच मानलेले आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात, विशीत नसबंदी करून घेतलेल्या पुरुषांनी ती पुढे उलटवून घेण्याची शक्यता त्याहून मोठ्या वयाच्या पुरुषांच्या १२.५ पट आढळली होती. एकोणतीस आणि एकतीस यांच्यात काही दैवी रेघ नाही. तरीही विशीतल्या माणसाच्या पुढे संसाराची चाळीस वर्षे असतात आणि चाळीस वर्षांत काय काय बदलते ते त्याने अजून पाहिलेले नसते.

दुसरी खूण वेळेची होती आणि ती मला वयापेक्षा महत्त्वाची वाटली. ‘आत्ताच का?’ असे विचारल्यावर त्यांनी जूनमधली रात्र सांगितली. दुसऱ्या सिझरच्या वेळी पत्नीला फार रक्तस्राव झाला, रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या, त्यांतल्या दोन मिळवण्यासाठी ते पावसात मोटारसायकलवरून रक्तपेढीत गेले, आणि परत येईपर्यंत आत काय घडले असेल या विचाराने त्यांचे हातपाय गळाले होते. “पुन्हा त्या दारात मला उभं राहायचं नाही,” असे ते म्हणाले. ज्या पुरुषाच्या निर्णयामागे पत्नीविषयीची अशी माया आहे त्याच्याविषयी मला आदरच वाटला. तरीही भीतीच्या कडेवर बसून आलेला निर्णय भीती ओसरल्यावर कसा दिसतो, हे ती ओसरल्याशिवाय कळत नाही. बाळंतपणात किंवा त्याच्या पाठोपाठ घेतलेल्या नसबंदीच्या निर्णयाकडे म्हणूनच सावधपणे पाहायला सांगितले जाते.

तिसरी गोष्ट पैशांची. पुरुष नसबंदीसाठी आपल्या राज्यात लाभार्थ्याला केंद्राचे ११०० आणि राज्याचे ३५१ असे १४५१ रुपये मिळतात. बुडणारी मजुरी भरून निघावी एवढाच त्याचा हेतू आहे आणि त्या रकमेसाठी कोणी आयुष्यभराचा निर्णय घेत असेल असे मला वाटत नाही. पण त्याच सुमारास ‘लेक लाडकी’ योजना जाहीर झाली होती. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबातील मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये देणाऱ्या या योजनेत आई किंवा वडील यांपैकी एकाची कुटुंब नियोजन शस्त्रक्रिया ही एक अट आहे. धाकटी मुलगी एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली, त्यामुळे ती या योजनेत बसत होती, आणि गृहस्थांच्या पिशवीत योजनेचा अर्जही होता. मी तो अर्ज टेबलाच्या एका बाजूला ठेवला आणि विचारले, की ही योजना नसती तर आज तुम्ही आला असता का? “आलो असतो, पण आजच आलो नसतो,” असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. या उत्तरातील ‘आजच’ हा शब्द मी टिपून ठेवला.

चौथी खूण सर्वांत मोठी होती आणि ती त्यांच्या बोलण्यात कोठेच आली नव्हती, कारण ती त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हती. पत्नीला काय वाटते असे विचारले तेव्हा “तिचं काय म्हणणं असणार, तिच्यासाठीच तर करतोय,” असे ते म्हणाले. नसबंदीनंतरच्या पश्चात्तापाविषयी जे अभ्यास मला माहीत आहेत त्यांतील एका निष्कर्षाचा माझ्या कामावर फार परिणाम झालेला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, नसबंदीपूर्वी पतीशी मोठा मतभेद असल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत, त्यांनी पुढे पतीच्या जोडणीची मागणी करण्याचे प्रमाण इतरांच्या पंचवीस पटींहून जास्त होते. वयाच्या आकड्यापुढेही हा आकडा उठून दिसतो. आपल्याकडे मात्र मतभेद भांडणाच्या रूपात दिसेलच असे नाही. आपल्या घरांतला बराच मोठा मतभेद न बोलण्याच्या रूपात राहतो आणि बाहेरच्याला तो एकमतासारखा दिसतो. संमतीपत्रावर पत्नीची सही लागत नाही हे योग्यच आहे, कारण स्वतःच्या शरीराचा निर्णय ज्याचा त्याचा. पण सही न लागणे म्हणजे तिच्याशी बोलणे न लागणे, असा अर्थ आपण सोयीने काढतो.

पुढच्या आठवड्यात दोघे आले. धाकटी मुलगी कडेवर होती. आमच्या समुपदेशक ताईंनी आधी पत्नीला एकटीला आत घेतले आणि मी सोबत बसले. पहिली पाच-सात मिनिटे “हे म्हणतील तसं” यापलीकडे काही निघाले नाही. मग ताईंनी नसबंदीचा विषयच सोडला आणि बाळाचे वजन, दूध, झोप यांविषयी विचारायला सुरुवात केली, तेव्हा कळले की दीड महिन्याची असताना तपासणीत बाळाच्या हृदयाला लहान छिद्र असल्याचे निघाले आहे. छिद्र बारीक आहे, बहुधा आपोआप भरेल, वर्षाची झाली की पुन्हा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करू, असे हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले होते. अशी बारीक छिद्रे पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत खरोखरच आपोआप बुजतात. पतीला हे ठाऊक होते, पण ‘भरेल’ या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी तो विषय मनातून काढला होता. आईच्या मनातून तो गेला नव्हता. “ही धडधाकट आहे एवढं एकदा कळू दे,” असे त्या म्हणाल्या आणि लगेच बाळाच्या तोंडावरून हात फिरवू लागल्या, जणू आपण बोललो ते बाळाने ऐकायला नको होते.

मुलाच्या हव्यासाचा प्रश्न आम्ही सरळ विचारला. दोन मुलींवर थांबणाऱ्या जोडप्याला हा प्रश्न न विचारणे म्हणजे सभ्यतेपायी कामात कसूर करणे होय, असे मला वाटते. त्यांना स्वतःला मुलगा हवाच असे नव्हते. सासूबाईंना हवा होता, आणि नसबंदीचे त्यांना काहीच सांगितलेले नव्हते. “उद्या त्यांना कळलं तर त्या ह्यांना बोलणार नाहीत, मला बोलतील,” हे त्यांचे वाक्य मी जसेच्या तसे केसपेपरवर लिहिले. त्यानंतर त्यांनी एक असा प्रश्न विचारला जो मला आजवर एकाही पुरुषाने विचारलेला नाही. नसबंदी करूनही दिवस गेले तर? शस्त्रक्रिया फसली असे लोक म्हणतील, की आणखी काही म्हणतील? गावात एका बाईवर तसा प्रसंग आला होता आणि तिची बाजू घ्यायला कोणीच उभे राहिले नव्हते. म्हणजे पश्चात्तापाचा धोका केवळ आणखी मूल हवेसे वाटण्यापुरता नसतो. ज्या स्त्रीच्या शरीराला हातही लागलेला नाही तिला पतीच्या नसबंदीची शिक्षा भोगावी लागू शकते, आणि हेही धोक्याच्या हिशेबात धरावे लागते.

मग दोघांना एकत्र बसवले. बाळाविषयीची भीती पत्नीने आमच्यासमोर, आमच्याकडे पाहत सांगितली. पतीकडे त्यांनी पाहिले नाही. ते ऐकताना गृहस्थांचा चेहरा जो झाला त्यावरून हे सारे ते पहिल्यांदाच ऐकत आहेत हे उघड होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर ते पत्नीला म्हणाले, “मग आधी बोलायचं नाही का?” आणि त्यांनी उत्तर दिले, “तुम्ही ठरवूनच आला होता.”

येथे आम्ही शस्त्रक्रिया नाकारली नाही, पुढे ढकलली, आणि पुढे ढकलणे हे नाकारण्याचे गोड नाव ठरू नये म्हणून तारखेची खूणगाठ बांधली. जूनमध्ये बाळाचे इको होईल, त्यानंतर दोघांनी यावे, तोवर दोघांनाही केव्हाही मन बदलता येईल. मधल्या काळात दिवस राहिले असते तर सारेच हातचे गेले असते, विशेषतः जूनमधल्या त्या रक्तस्रावानंतर. पत्नीचे हिमोग्लोबिन अजून नऊच्या आतबाहेर होते. तांबीने पाळीचा स्राव वाढण्याची शक्यता असल्याने त्यांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन निवडले. बाळ अंगावर पीत असतानाही ते चालते. अधूनमधून डाग पडतील, पाळी लांबेल किंवा येणारच नाही आणि इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, हे सांगितले. लोहाच्या गोळ्या सुरू ठेवल्या. गृहस्थांनी आपणहून निरोधची पाकिटेही मागून घेतली.

त्या सात महिन्यांत समुपदेशक ताई इंजेक्शनच्या निमित्ताने पत्नीला तीनदा भेटल्या. याच काळात सासूबाईंपर्यंतही विषय पोचला, मुलानेच पोचवला. त्यांचा विरोध नातवापुरताच असेल असे आम्ही धरले होते, पण त्याची मुळे आणखी खोल होती. १९७६ साली त्या लहान होत्या आणि त्यांच्या एका मामांना बाजारातून गाडीत घालून नेऊन नसबंदी केल्याचे त्या घरात आजही बोलले जाते. आणीबाणीच्या त्या वर्षात देशात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर करणारे पहिले राज्य आपले महाराष्ट्रच होते, जरी राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. मामा त्यानंतर ‘कामातून गेले’ असा त्या घरातला समज होता, आणि पुरुष खचतो, त्याच्याने जड काम होत नाही, ही समजूत त्याच मामांच्या नावाने टिकून होती. दुधाचे भरलेले कॅन चढवणाऱ्या माणसाच्या आईने तेवढ्यासाठीच विरोध केला असता तरी मी त्यांना दोष दिला नसता. ताकद, पौरुष आणि संबंधातले सुख अंडकोषातून रक्तात मिसळणाऱ्या संप्रेरकावर अवलंबून असते, नसबंदीत त्याला धक्का लागत नाही, फक्त शुक्रजंतूंची वाट बंद होते, हे मी त्यांना फोनवर समजावून सांगितले. त्यांना ते कितपत पटले कोण जाणे, पण “जोरजबरदस्ती नाही ना?” एवढे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

जून २०२४ मध्ये इकोचा अहवाल आला. छिद्र बुजले होते. दोघे तो कागद घेऊनच आले, आणि त्या दिवशी आम्ही या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत अवघड संभाषण केले.

नसबंदीपूर्वी विचारायचे तीन प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. अपत्य दगावले तर, जोडीदार गेला तर, लग्न मोडले तर. इंग्रजी छापील फॉर्मवर हे प्रश्न तीन रकान्यांत मावतात. आपल्या भाषेत ते तोंडातून काढणे हेच अभद्र मानले जाते. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो अशी ज्या घराची श्रद्धा आहे त्या घरातल्या आईला तिचे मूल मांडीवर असताना “ही राहिली नाही तर?” असे विचारणे क्रूर आहे, आणि मिळणारे उत्तरही निरुपयोगी असते, कारण ती “असं बोलू नका” एवढेच म्हणते. सुरुवातीची काही वर्षे मी हे प्रश्न घाईघाईने, मान खाली घालून विचारत असे आणि रकान्यात ‘नाही’ असे लिहून मोकळी होत असे. आता आम्ही मुलांना बाहेर आशाताईंपाशी बसवतो आणि स्वतःच्या घराविषयी न विचारता ओळखीतल्या घराविषयी विचारतो. नसबंदीनंतर एखाद्या घरावर दुःख कोसळले आणि मग त्यांना अडचण आली, असे कुठे पाहिले आहे का? जवळजवळ प्रत्येक जोडप्याला असे एखादे घर माहीत असते. त्या घराची गोष्ट सांगता सांगता माणसे आपोआप स्वतःविषयी बोलू लागतात, आणि अभद्र काही उच्चारावे लागत नाही.

या दोघांनी वस्तीवरच्या एका घराविषयी सांगितले. बोलून झाल्यावर पत्नी म्हणाल्या, “गेलेल्याच्या जागी दुसरं येत नाही.” हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे आणि दर वेळी ते अर्थपूर्ण असतेच असे नाही, पण येथे ते सात महिने एका इकोची वाट पाहिलेल्या बाईकडून आले होते. गृहस्थ मात्र अडखळले. पत्नीचे काही बरेवाईट झाले तर, या विचाराशी ते आले तेव्हा म्हणाले, “मी दुसरं लग्न करणार नाही. पोरींना सावत्र आई आणणार नाही.” मी हे उत्तर पुरेसे धरले नाही आणि त्याचे कारणही त्यांना सांगितले. आज ते मनापासून बोलत होते यात शंका नव्हती, पण तिशी-पस्तिशीत विधुर झालेली माणसे पुन्हा संसार मांडतात, त्यात गैर काही नाही, आणि त्या वेळी येणाऱ्या स्त्रीला स्वतःचे मूल हवे असू शकते. प्रश्न ‘लग्न कराल का?’ असा नव्हता. ‘तसे झाले आणि मूल होणे शक्य नसले, तर ते तुम्हाला पेलेल का?’ असा होता. वीर्य गोठवून ठेवण्याची सोय शहरांत खासगी केंद्रांत असते, तिला दरवर्षी पैसे भरावे लागतात, हेही सांगितले. त्यांनी विचार करायला वेळ मागितला. पत्नी बाहेर जाऊन मुलींना पाणी देऊन आल्या, तोवर ते खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी म्हणाले, “पेलेल. तिला गमावून बसण्यापेक्षा ते हलकं आहे.” नोव्हेंबरमध्येही त्यांनी याच अर्थाचे काहीतरी सांगितले होते, पण तेव्हा ते त्या रात्रीविषयी बोलत होते आणि आता पुढच्या आयुष्याविषयी बोलत होते. माझ्या मते मूल्यमापन या ठिकाणी पूर्ण झाले.

जोडणीविषयी मी मुद्दाम पुन्हा विचारले. “ती आहे, पण नाही असं समजायचं,” असे त्यांनी सांगितले. एवढे नेमके मला स्वतःला सांगता आले नसते.

शस्त्रक्रियेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जागेवर भूल देऊन, चीनमध्ये १९७४ साली डॉ. ली शुनच्यांग यांनी विकसित केलेल्या पद्धतीने, चाकू न वापरता एका बारीक छिद्रातून दोन्ही वाहिन्या बांधून कापल्या. अर्ध्या तासाने ते चालत बाहेर आले. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर कॅन उचलायचे नाहीत आणि घट्ट लंगोट, एवढ्या सूचना होत्या. वीर्यवाहिनीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असल्याने तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत गर्भनिरोध चालू ठेवायचा, हे दोघांसमोर, पत्नीकडे वळून सांगितले. तपासणी स्वच्छ आल्यानंतरही वाहिन्या क्वचित, साधारण दोन हजारांत एखाद्या वेळी, आपोआप जुळू शकतात हे कागदावर लिहून दिले आणि तो कागद पत्नीच्या हातात दिला. पुढे कधी पाळी चुकली तर प्रथम पतीची वीर्यतपासणी करायची, असे त्यावर शेवटी माझ्या अक्षरात लिहिले आहे. गृहस्थांनी तो वाचला आणि स्वतःहून खाली सही केली.

सप्टेंबरमध्ये वीर्यतपासणीत शुक्रजंतू आढळले नाहीत आणि प्रमाणपत्र दिले गेले. त्यानंतर अंतरा बंद केले. एक वर्षानंतरच्या भेटीला, जून २०२५ मध्ये, दोघे आले. असे येणारे फार थोडे असतात. वेदना नव्हत्या, पत्नीचे हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले होते, धाकटी पळत होती. पश्चात्ताप वाटतो का, असे मी फॉर्मप्रमाणे विचारले. गृहस्थ लगेच नाही म्हणाले. पत्नी थोडे थांबून म्हणाल्या, की पश्चात्ताप नाही, पण जावेच्या मुलाचे बारसे झाले त्या दिवशी पाळणा हलवताना रुखरुख लागली होती, रात्री ह्यांना सांगितले तेव्हा तेही म्हणाले की मलाही लागली होती. फॉर्मवर ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन आहेत. मी ‘नाही’वर खूण केली आणि बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिले : रुखरुख, दोघांनाही, एकमेकांना सांगितलेली.